शेवटच्या फेरीचे दिवे

दिवेलागणीनंतर गुलाबकाका गल्लीत समोरून येताना दिसले, की चार पावलांवर ते मान खाली घालतात. लाजून नव्हे, आणि कोणावर राग आहे म्हणूनही नव्हे. तुम्ही बाजूनं पार झालात की मान पुन्हा वर, नजर पुन्हा सरळ. एखादा नवखा माणूस डोळे रोखून तसाच समोरून आला, तर त्याच्या पाठीमागून काकांची हाक येते, "काय बाप्पा, डिप्पर देत जा ना! समोरून मानूस येऊन राहिला, दिसते का नाही?"

नवखा गांगरतो. आम्ही सौंसरवाले गांगरत नाही. आमच्या गल्लीत लग्न होऊन आलेली सूनसुद्धा आठ दिवसांत काकांना डिप्पर द्यायला शिकते. सासूच्या पाया पडायला कधी शिकते ते मला माहीत नाही.

आमच्या शेजारच्या या काकांनी आयुष्यभर जीप चालवली. समोरून गाडी आली की आपल्या दिव्यांचा झोत अप्परवरून डिप्परवर, म्हणजे वरून खाली करायचा, म्हणजे समोरच्याचे डोळे दिपत नाहीत, हा रस्त्याचा साधा नियम. काकांनी तो किराणा दुकानात, दवाखान्यात, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे लागू केला. मयतीच्या घरी तर फारच. रडणाऱ्या माणसाकडे ते कधी सरळ बघत नाहीत. त्याच्या शेजारी बसतात आणि जमिनीकडे बघत राहतात. "समोरच्याच्या डोयात उजेड मारू नाही," एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. ते त्यांनी कोणाकडून घेतलं नाही आणि कोणाला दिल्याशिवाय सोडलंही नाही.

माणसांची वर्गवारीही दिव्यांवरूनच. मी पांढुर्ण्याच्या शाळेत शिकवतो. आमचे एक हेडमास्तर बोलायला लागले की थांबत नसत. काका त्यांना एकदाच भेटले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "याचा अप्पर अडकला आहे रे. बटन खराब आहे." दर निवडणुकीला पूल रुंद करून देतो म्हणणाऱ्या एका पुढाऱ्याबद्दल म्हणाले, "इंडिकेटर चालू राहते त्याचं. वयत नाही कुठंच." माझी बायको शोभा नवी आली तेव्हा फार कमी बोलायची. "पार्किंगवर आहे अजून," काका म्हणाले, "येईन अप्परवर." ती आली.

आणि माझ्याबद्दल? "दिनू, तू तं डिप्परवरच जन्माले आला." ते कौतुकानं म्हणत. पोरगा शांत आहे, कोणाला दुखवत नाही, असं त्यांना म्हणायचं असे. मी हसत असे. ते हसणं खरं नव्हतं, पण ते पुढे.

जीप माझ्याहून वयानं मोठी. कोण्या सरकारी खात्यानं मोडीत काढली आणि काकांच्या वडिलांनी घरी आणली. दिवसा सवाऱ्या आणि संत्र्याच्या पेट्या, आणि संध्याकाळी पांढुर्ण्याहून सौंसरची शेवटची फेरी. शेवटची फेरी म्हणजे काकांचा जीव. पॅसेंजर गाडी उशिरा आली तर ते स्टेशनबाहेर थांबत. बसलेल्या सवाऱ्या कुरकुर करत. काका म्हणत, "उतरणाऱ्याले काय माहीत, का तुमाले घाई आहे? त्याले वाटते गुलाब आहे."

वाटेत जामसावळी. तिथला मारुती आडवा पहुडलेला आहे. त्याच्या वळणावर काका मोठे दिवे बंद करून पार्किंगच्या दोन काजव्यांवर गाडी नेत. मागून ओरडा व्हायचा, "अवो गुलाबभाऊ, आमाले देवाजवळच पोचवता का?"

"देव आडवा आहे ना बाप्पा! दिवसभर लोकायनं गाऱ्हाणे सांगू सांगू डोकं उठवलं असन त्याचं. आत्ता कुठं डोया लागला असन, तं उजेड कायले मारा?"

जीपचे दोन हेडलाइट तिच्यासोबत आलेले, मूळचे. जाड काच, काचेवर उभ्या रेघा, आत वाटीसारखा रिफ्लेक्टर आणि त्यावर चांदीचा पातळ मुलामा. काच पुसायला काकांच्या घरी वेगळा कापूस असे. दुकानातला नाही. ओळखीच्या शेतातला, पहिल्या वेचणीचा, हातानं सरकी काढलेला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीच्या दगडफेकीच्या जत्रेला, अख्खा तालुका पांढुर्ण्याला लोटला तरी काकांची जीप घरीच उभी असे, दिव्यांवर दोन उशा बांधून. "मानसाचं डोकं फुटलं तं डाक्टर टाके मारते," ते म्हणत. "काच फुटली तं कोन टाके मारन?"

या दिव्यांचा उजेड पिवळा होता. गल्लीच्या तोंडाशी नाला आहे, नाल्यावर चढाचा पूल. जीप पुलावर चढली की झोत आधी आभाळात जाई, आणि मग एकदम उतरून काकांच्या ओट्यावर पडे. ओट्यावर वच्छलाकाकू बसलेल्या असत. त्या पुलावरून संध्याकाळी दहा गाड्या जायच्या. काकू मान वर करत नसत. मग मध्येच उठत, "आले" म्हणत आणि आत जाऊन चुलीवर तवा चढवत. काका पाय धुऊन पाटावर बसत तोवर पहिली भाकर फुगलेली असे.

मी एकदा विचारलं होतं, "काकू, कसं ओळखता वो?"

"त्यात काय ओयखाचं? आपला उजेड तुपासारखा आहे. बाकीच्यायचा पान्यासारखा."

इथपर्यंत मी कोणालाही सांगतो, आणि सांगताना लोक हसतात. यापुढचं मी अठ्ठावीस वर्षं सांगितलं नाही. शोभालाही नाही.

माझं लग्न ठरलं, सासुरवाडी पांढुर्ण्याची. वरातीला काकांनी जीप देऊ केली. मला आनंद झाला, पण लग्नाच्या चार दिवस आधी माझा होणारा साळा घरी येऊन गेला. जीपभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "भाऊजी, ही वरातीत चालन का वरातीच्या मांगून?" सगळे हसले. मीही हसलो. पण मला ते लागलं. चोवीस वर्षांचा होतो, नुकती नोकरी लागली होती, आणि आपली वरात झळकली पाहिजे असं मला फार वाटत होतं.

काका-काकू त्या दिवशी मोहगावला, काकूंच्या माहेरी गेले होते. दुपारची वेळ. मी जीप धुतली, पुसली. हँडलपासून बंपरपर्यंत सगळं चमकलं. दिवे तेवढे मळकट वाटले. बाहेरून पुसले तरी आतून धुरकटच. मग मी रिंग काढली, क्लिपा सोडवल्या, काच वेगळी केली. रिफ्लेक्टरवर काळपट साय आली होती. आमच्या आईची पितळी घागर मी लहानपणापासून बघत आलो होतो. काळी पडली की चिंच आणि चुलीतली राख, की लखलख. मी चिंच भिजवली. राख घेतली. आणि मनापासून घासलं.

काळपटपणा गेला. त्याच्यासोबत चांदीही गेली. खाली पितळ निघालं, राखेनं ओरखडलेलं, पिवळट, मुकं. मला आधी वाटलं, अजून घासलं की येईल. म्हणून दुसराही घासला.

नंतर जे केलं ते जास्त वाईट. मी बाजारात जाऊन लोखंडी पेटीला मारायच्या चंदेरी रंगाची डबी आणली. दोन्ही वाट्या आतून रंगवल्या, वाळवल्या, काचा बसवल्या, क्लिपा दाबल्या. रेघांच्या काचेतून सगळं पहिल्यासारखं दिसत होतं. वरातीत डोक्यावर घेतलेल्या बत्त्यांचा इतका उजेड होता की जीपचे दिवे लागले आहेत की नाही हेही कोणाला कळलं नाही. साळा म्हणाला, "गाडी चमकून राहिली, भाऊजी!"

लग्नानंतर काकांनी पहिली शेवटची फेरी केली. पाय न धुताच माझ्याकडे आले.

"दिनू, आज अंधार जास्त आहे का रे?"

मी आभाळाकडे बघितलं. खरंच बघितलं, जणू तिथे उत्तर होतं. म्हणालो, "असेल, काका."

आठ दिवस काका अंधाराला दोष देत राहिले. "अवंदा अंधारच दाट पडून राहिला," असं ते सवाऱ्यांना समजावत. मग बल्ब बदलले. मग बॅटरी. मग वायरी नव्या घातल्या, डायनामो उघडून साफ केला. काच आणि रिफ्लेक्टर त्यांनी कधी वेगळे केले नाहीत, कारण त्यांच्या वडिलांनी सांगितलं होतं, त्याला आतून हवा लागू द्यायची नाही. बापाचा शब्द त्यांनी पाळला, म्हणून मी वाचलो. सगळं नवं करून झालं आणि बदलायला फक्त एकच वस्तू उरली. त्यांचे डोळे.

पांढुर्ण्याला डोळ्यांचं शिबिर होतं. काकांना तिथे मीच घेऊन गेलो. मी. डॉक्टरनं समोर पाटी धरली. काकांनी वरपासून खालपर्यंत सगळी अक्षरं वाचली आणि तळाशी बारीक अक्षरात छापणाऱ्या प्रेसचं नाव होतं तेही वाचलं. डॉक्टर म्हणाला, डोळे उत्तम आहेत.

बाहेर आल्यावर काका हळू आवाजात म्हणाले, "पोरगा नवा आहे. त्याले दिवसाचे डोये समजते. माये रातीचे गेले."

मग उपाय सुरू झाले. काकूंनी वर्षभर त्यांना गाजर, पपई आणि शेवग्याचा पाला खाऊ घातला. काका म्हणत, "बकरी झालो मी. दूध तेवढं देनं बाकी आहे." बाजारातून एक चष्मा आणला, साध्या काचेचा निघाला, तरी घातला. गल्लीत सगळे त्यांच्या चष्म्यावर विनोद करायचे. त्यातले दोन-तीन चांगले विनोद माझे होते.

एका संध्याकाळी जामसावळीच्या पुढे त्यांना रस्त्यात बसलेली म्हैस दिसली नाही. म्हणजे फार जवळ आल्यावर दिसली. गाडी शेतात उतरली. कोणाला काही झालं नाही, म्हैससुद्धा उठली नाही. पण मागे एक बाई लेकराला घेऊन बसली होती आणि घर आलं तरी लेकराभोवतीचे हात ती सोडेना. काका घरी आले आणि माझ्या ओट्यावर बसले.

"बंद करतो दिनू शेवटची फेरी. लोकायचे जीव मी माह्या डोयावर नाही टांगत."

त्या वेळी सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. समजा सांगितलं असतं, तर काय झालं असतं? चार शिव्या बसल्या असत्या, रिफ्लेक्टरला मुलामा चढला असता, आणि काका आठवड्यात पुन्हा रस्त्यावर दिसले असते. हे मला तेव्हाही कळत होतं. मी म्हणालो, "बरं केलं, काका."

शेवटची फेरी दुसऱ्या गाड्यांनी घेतली. काका दिवस असताना घरी यायला लागले. उन्हातच पाय धुवायचे. काकूंना ओट्यावर बसून वाट बघायचं कारण राहिलं नाही. काही वर्षांनी दिवसाच्या सवाऱ्याही थांबल्या आणि जीप दारात उभी राहिली. त्यांचा मुलगा नागपूरला असतो. त्यानं हौसेनं तिला नवे, पांढरेफटक दिवे बसवून दिले. जुने काकांनी काकूंच्या फाटक्या लुगड्यात गुंडाळून धान्याच्या कोठीत ठेवले. काका रस्त्यावरून उतरले ते गल्लीत आले, आणि माणसांना डिप्पर मागू लागले. लोकांना वाटतं ही त्यांची जुनी सवय. नाही. गाडी थांबल्यावरची आहे.

दोन वर्षांपूर्वी वच्छलाकाकू विसरायला लागल्या. आधी मीठ, मग नावं, मग साल. दिवसभर बऱ्या असतात. ऊन उतरलं की उठून ओट्यावर येऊन बसतात आणि पुलाकडे बघतात. काका शेजारी बसलेले असतात.

"दादा, तुमी कोनाकडचे?" काकू त्यांना विचारतात.

"मी बाजूचाच."

"आमचे मालक यायचे आहे. जीपवर गेले पांढुर्ण्याले. गाडी लेट असन."

"असन, असन."

"तुमी जेवून घ्या, दादा. मी नाही जेवत ते आल्याशिवाय."

आणि खरंच जेवत नसत. काका घास पुढे करायचे तर मान फिरवायच्या. परक्या माणसाच्या हातून बाईमाणसानं कसं खावं?

एका संध्याकाळी काकांनी शोभाला काकूंजवळ बसवलं, मागच्या गल्लीनं जीप काढली आणि पुलावरून घेऊन आले. पांढरा झोत ओट्यावर पडला. काकूंनी डोळ्यांवर हात धरला. "ही नोय आपली. आपले दिवे पिवये." दुसऱ्या दिवशी काकांनी कोठीतून जुने दिवे काढून लावले. पुन्हा पुलावरून आले. काकूंनी शोभाला विचारलं, "कोनी कंदील घेऊन येऊन राहिलं का वं?"

काकांनी रात्रीच दिवे उतरवले. सकाळी दोन्ही दिवे त्याच लुगड्यात घेऊन माझ्या अंगणात आले. संत्र्याची रिकामी पेटी पालथी घालून बसले. "म्हातारे झाले हेही माह्यासारखे," म्हणाले. "आता बापाचं ऐकून नाही चालत. उघडून पाहू. तुहा हात हलका आहे, तू काढ क्लिपा."

त्या क्लिपा मला ओळखीच्या होत्या. एक वाकडी होती, ती मीच वाकवली होती. मी काच वेगळी केली. आतून चंदेरी पापुद्रे माशाच्या खवल्यांसारखे माझ्या मांडीवर पडले. काकांनी एक बोटावर घेतला. चष्म्याच्या वरून पाहिला. नखानं चुरला. वास घेतला.

"हा तं पेटीचा रंग आहे रे."

मी मांडीवरचे पापुद्रे झटकायला लागलो.

"दिनू, कंपनीनंच बेमानी केली वाटते. वरून चांदी म्हन्ते अन् आतून पेटीचा रंग. बाप बिचारा आयुष्यभर मूळचे आहे, मूळचे आहे, म्हनत राहिला."

वाट मोकळी होती. नुसती मान हलवायची होती. कंपनी कधीच सौंसरला येऊन मला खोटं पाडणार नव्हती. पण काका बापाला बिचारा म्हणाले, आणि मला तेवढं झेपलं नाही.

"कंपनीनं नाही, काका. मी."

मग सगळं सांगितलं. साळा, चिंच, राख, डबी. शिबिर. म्हैस. "बरं केलं" म्हणालो ते. शोभा दारात येऊन उभी होती, तिनंही ऐकलं. मी बोलत असताना काका माझ्याकडे सरळ बघत होते. मी थांबलो तेव्हा त्यांनी मान खाली घातली आणि घातलेलीच ठेवली.

मग म्हणाले, "चिंच?"

"हो."

"चांदीले चिंच लावली? मास्तर मानूस तू!" वाटीवरून बोट फिरवत, "राख तरी चाळून घेतली होती का?"

"नाही, काका."

"नाहीच घेतली असन. ओरखडे आहे."

मला वाटलं, आता शिवी येईल. मी वाट बघत होतो. ते एकदम मान वर करून म्हणाले, "म्हंजे माये डोये चांगले होते?"

"हो, काका."

"तवाही? म्हैस आडवी आली तवाही?"

"तेव्हाही."

काकांनी चष्मा काढला. उठले, अंगणाच्या मधोमध उभे राहिले आणि लांब पाण्याच्या टाकीकडे बघायला लागले. "ते पाह्य. टाकीवर बगळा बसला. मान वाकडी करून राहिला. दिसून राहिलं मले!" त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो बगळ्याची मान सांगत होता. मग तसेच भिंतीपलीकडे आपल्या ओट्यावर गेले. सकाळची वेळ, काकू तांदूळ निवडत होत्या.

"ऐकलं का वं? डोये चांगले होते."

"कोनाचे?"

"तुह्या मालकाचे."

काकूंनी सूप खाली ठेवलं. "तेच तं म्हन्ते मी. डोये चांगले आहे, तं मंग येऊन काऊन नाही राहिले?"

त्या वाक्यावर मी कुठे तोंड लपवावं ते मला अजूनही समजलेलं नाही.

नागपूरला सराफ्याच्या एका बोळात देवांच्या मुखवट्यांना चांदीचा मुलामा देणारा एक म्हातारा कारागीर आहे. काकूंना सोडून काका येऊ शकत नव्हते, म्हणून मी एकटाच गेलो. त्यानं वाट्या उलटसुलट करून बघितल्या आणि विचारलं, "कोणत्या देवाच्या?" मी म्हणालो, जीपच्या आहेत. त्यानं आणखी एकदा बघितलं. "घासलं कोणी हे?" मी सांगितलं, मी. कबुली एकदा सुटली की तिला आवर राहत नाही. तो म्हणाला, तयार झाल्यावर बोट लावायचं नाही, पुसायचं नाही, फक्त मऊ कापूस. मी म्हणालो, कापूस आमच्याकडे आहे.

काचा काकांनी स्वतः बसवल्या. माझ्या हातात स्क्रू ड्रायव्हरही दिला नाही. जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब घातला. संध्याकाळी शोभा काकूंजवळ जाऊन बसली. ती माझ्याशी आठ दिवस नीट बोलली नव्हती. एकदाच म्हणाली होती, "माझ्या वरातीपायी काकूंच्या एवढ्या संध्याकाळी गेल्या?" मी माझ्या ओट्यावर उभा होतो.

इंजिनचा आवाज मागच्या गल्लीतून लांब गेला, मग पुलाकडून आला. झोत आधी आभाळात गेला. मग उतरला. ओट्यावर, काकूंच्या पायांवर, तुपासारखा.

काकू उठल्या. "आले," म्हणाल्या. आत गेल्या. आता त्या घरात चूल नाही, गॅस आहे, पण तवा ठेवल्याचा आवाज तोच. काका गाडी बंद करून बसून राहिले, दोन्ही हात स्टीअरिंगवर. मग उतरले, नळावर पाय धुतले आणि आत गेले.

"उशीर केला आज," आतून काकूंचा आवाज.

"सवारी होती वं," काका म्हणाले. "उतरणाऱ्याले काय माहीत, का तू थांबली आहे?"

त्या दिवशी काकू जेवल्या.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला काका मागच्या दारानं निघतात, मागच्या गल्लीनं जीप पुलापलीकडे नेतात आणि घरी येतात. घरातून निघून घरी यायचं, एवढीच फेरी. काही दिवस काकू उठतात. काही दिवस बघतात आणि बसूनच राहतात, मग काका पाय धुऊन बाजूचे दादा होऊन ओट्यावर टेकतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा निघतात. मला त्यांनी कधी काही म्हटलं नाही. शिवी नाही, टोमणा नाही. आता फक्त "तू डिप्परवरच जन्माले आला" असं म्हणत नाहीत.

त्यांच्या ओट्याच्या आधी माझा ओटा लागतो. जीप पुलावरून उतरते तेव्हा मी तिथे उभा असतो, मुद्दाम. एकदा तरी काकांनी तो पुरा झोत माझ्या तोंडावर मारावा असं मला फार वाटतं. गाडी जवळ येते. काकांच्या पायाखालचं डिप्परचं बटण टक् वाजतं आणि उजेड माझ्या डोळ्यांवरून खाली उतरून पायांशी येतो.

मीही मान खाली घालतो. गाडी पार होते.